प्लॅटिनमला चिकटलेला वायू सुटतो कसा?

प्रश्न : मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधले (इंजिनाचा धूर कमी विषारी करणाऱ्या भागातले) प्लॅटिनम विषारी कार्बन मोनॉक्साइड धरून ठेवते आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, असे वाचले. मग तयार झालेला वायू धातूलाच चिकटून राहून पृष्ठभाग भरून का जात नाही? – एक वाचक

उत्तर : पृष्ठभाग भरून जातो खरा, पण तयार मालाने नव्हे, कच्च्या मालाने. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू आपल्या कार्बनच्या टोकाने प्लॅटिनमशी रासायनिक बंध जोडतो आणि तो इतका घट्ट असतो, की खोलीच्या तापमानाला रेणू जवळजवळ सुटतच नाही. निर्वात पात्रात प्लॅटिनमचा स्फटिक सावकाश तापवत नेला, तर साधारण 130 ते 200 अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे रेणू भराभर निघू लागतात. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्यातल्या कार्बनचे बंध दोन ऑक्सिजनांशी पुरे झालेले असल्यामुळे धातूशी त्याची ओढ अगदी क्षीण राहते आणि उणे 150 अंशांच्या वर तो स्वच्छ प्लॅटिनमवर टिकतच नाही.

त्याचे निघणेही पाहण्यासारखे आहे. शेजारी बसलेला ऑक्सिजनचा अणू कार्बन मोनॉक्साइडला येऊन मिळतो त्या क्षणी नवा रेणू वाकलेला आणि धातूच्या फार जवळ असतो. सरळ होताना तो पृष्ठभागापासून ढकलला जातो आणि अभिक्रियेतून सुटलेल्या ऊर्जेचा काही वाटा गती व कंपनांच्या रूपाने सोबत नेतो. म्हणून असे रेणू सर्व दिशांना सारखे न पसरता मुख्यतः पृष्ठभागाच्या काटकोनात उसळतात आणि त्यांची कंपने तापलेल्या धातूपेक्षाही ‘गरम’ भरतात.

अडचण होते ती आधीच्या पायरीवर. ऑक्सिजनच्या रेणूला फुटून बसण्यासाठी लगतच्या दोन मोकळ्या जागा लागतात आणि थंड प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडने सगळी बैठक अडवलेली असते. ही कोंडी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी 1922 मध्येच मांडली होती. त्यामुळे सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटे कन्व्हर्टर जवळपास निरुपयोगी असतो. धुराच्या उष्णतेने तो दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापला, की काही रेणू अभिक्रिया न होताच उडून जातात, त्या रिकाम्या जागांवर ऑक्सिजन बसतो, तो शेजारच्यांना घेऊन निघतो, आणखी जागा होते, आणि काम एकदम वेग घेते.