‘चेक’ : शह, चौकडी, नाका आणि धनादेश

प्रश्न असा आला आहे : बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, मुलुंडचा चेकनाका, ओढ्यावर बांधलेला चेक डॅम आणि बुद्धिबळात राजाला मिळणारा ‘चेक’ हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत, की केवळ सारखे ऐकू येणारे निरनिराळे शब्द आहेत? मूळ अर्थ ‘तपासणे’ हाच असावा, असा प्रश्नकर्त्यांचा अंदाज आहे. शेवटी त्यांनी चेक प्रजासत्ताकाबद्दलही विचारले आहे.

पहिल्या पाचही ठिकाणी शब्द एकच आहे. मात्र त्याचा उगम तपासण्यात नाही. ‘चेक करणे’ हा प्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की तोच अर्थ मूळचा वाटावा. प्रत्यक्षात तो अर्थ इंग्रजीतही बऱ्याच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. त्याआधी तीन-चारशे वर्षे हा शब्द इंग्रजीत होता आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून आला होता. त्याचे मूळ आहे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा.

भारतातले चतुरंग इराणात गेले तेव्हा त्याचे ‘चत्रंग’ झाले आणि पुढे अरबांच्या तोंडी ‘शत्रंज’. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की ‘शाह’ असे म्हणून त्याला सावध करण्याची रीत होती. हाच उच्चार अरबीमार्फत युरोपात पोहोचला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एशेक’ झाले आणि इंग्रजीत येताना आरंभीचा स्वर गळून ‘चेक’ उरले. फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून ‘चेस’ हे खेळाचे नाव तयार झाले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. त्यातल्या ‘मात’चा अर्थ काही अभ्यासक अरबीतून ‘मेला’ असा लावतात, तर काही फारसीतून ‘हतबल झाला’ असा लावतात. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण या खेळात राजा कधीच मारला जात नाही. त्याची पुरती कोंडी झाली की डाव संपतो.

मराठी वाचकाच्या लक्षात आलेच असेल की आपले ‘शह’ आणि ‘मात’ हे शब्द त्याच घराण्यातले आहेत. त्यांना इंग्रजी शब्दांचे प्रतिशब्द मानणे चूक ठरेल. मराठीने ते फारसीतून थेट घेतले आणि इतके आपलेसे केले की संकटावर मात करताना किंवा शह-काटशहाचे राजकारण वाचताना बुद्धिबळाचा पट कोणाला आठवतही नाही. ‘चेक’ आणि ‘शह’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. एक पश्चिमेकडून फिरून आले, दुसरे जवळच्या वाटेने आले. आणखी मागे गेल्यास ‘शाह’चे प्राचीन इराणी रूप ‘ख्शायथिय’ असे सापडते. इराणातल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तिथला प्राचीन सम्राट दारयवहु स्वतःला याच शब्दाने राजा म्हणवतो. त्यातला धातू आणि संस्कृत ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ या शब्दांमागचा ‘राज्य करणे’ या अर्थाचा धातू हे सगोत्र आहेत. नाशिकच्या लेण्यांतील लेखांमधून आपल्याला माहीत असलेल्या नहपान या शक राजाची ‘क्षत्रप’ ही पदवी त्याच इराणी कुळातली आहे.

आता ‘राजा’पासून ‘अडवणे’ कसे निघाले ते पाहू. शह बसला की खेळाडूला मनात योजलेली चाल बाजूला ठेवून आधी राजाची सोय लावावी लागते; त्याच्या बेताला तिथेच खीळ बसते. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ थोपवणे, आळा घालणे असा झालेला दिसतो. आपल्याकडचा चेक डॅम याच अर्थाचा आहे. ओढ्यानाल्याचे पाणी काही काळ थोपवून जमिनीत मुरवण्यासाठी तो बांधतात, आणि त्याला ‘नाला बांध’ म्हणणाऱ्यांनी नेमका अर्थ पकडला आहे. नळकाम करणारे ‘चेक व्हॉल्व्ह’ बसवतात तोही पाणी उलट फिरू नये म्हणून. अमेरिकेच्या राज्यघटनेची चर्चा करताना ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, तिथेही सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्यावर ठेवलेला अंकुश अभिप्रेत असतो. ज्यावर अंकुश ठेवायचा त्याची पडताळणी ओघाने आलीच आणि तीतून ‘तपासणे’ हा अर्थ पुढे आला. चेकनाक्यावर हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : तिथे गाडी आधी अडवली जाते आणि मग तिचे कागद व माल पाहिला जातो.

कापडाची चौकडी मात्र ‘अडवणे’ या अर्थातून आलेली नाही. ती थेट पटावरून आली आहे. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. तो शब्द इंग्रजीत ‘चेकर’ झाला आणि पटासारख्या घरांच्या नक्षीला पुढे नुसते ‘चेक’ म्हणू लागले. आपण ‘चौकडी’ म्हणतो ते घराच्या चार बाजूंवरून; इंग्रजीने तीच नक्षी राजाच्या नावाने ओळखली. पोर्तुगीज भाषेत ‘शद्रेझ’ हा शब्द बुद्धिबळ आणि चौकडीचे कापड या दोहोंसाठी चालतो आणि तो तर आपल्या ‘चतुरंग’चाच वंशज आहे.

याच पटाने इंग्लंडच्या खजिन्यालाही नाव दिले. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने तिथल्या हिशेबपद्धतीवर लॅटिनमध्ये एक संवादग्रंथ लिहिला. त्यात हिशेबाच्या मेजाचे वर्णन आहे : सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, सोंगट्या घरंगळून पडू नयेत म्हणून कडेने चार बोटे उंच काठ, आणि वर अंथरलेले काळे कापड, ज्यावर एक फूट किंवा वीतभर अंतराने रेषा आखलेल्या. रोमन अंकांत कागदावर बेरीज-वजाबाकी करणे किचकट होते, म्हणून पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशा रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब करीत. मेजाशी एकीकडे परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ असे आणि दुसरीकडे खजिनदार. या दोघांची झुंज बुद्धिबळासारखी चालते, असे फिट्झनीलने स्वतःच म्हटले आहे. त्या मेजावरून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. शब्दाच्या आरंभीचे ‘एक्स’ मात्र चुकीने आले आहे. फ्रेंच ‘ए’ हा लॅटिन ‘एक्स’ या उपसर्गाचा अवशेष असावा, असे समजून लेखकांनी तो जोडला.

बँकेतला चेक पैशाचा असल्यामुळे तो ‘एक्सचेकर’मधून आला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याची वाट ‘तपासणे’ या अर्थातूनच जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे हुंडीची किंवा देयकाची स्थळप्रत. आपल्या पावतीपुस्तकात जसा अर्धा भाग राहतो आणि अर्धा फाडून दिला जातो, तसाच हा प्रकार होता. कोणी खोटा कागद आणला तर स्थळप्रतीशी ताडून लबाडी उघडी पडे, म्हणजेच लबाडीला आळा बसे. पुढे अशी स्थळप्रत असलेल्या छापील कागदालाच ‘चेक’ म्हणू लागले. ‘एक्सचेकर’चा संबंध येतो तो फक्त वर्णलेखनापुरता. बँकव्यवसायावर लिहिणारे जेम्स गिलबार्ट यांनी १८२८ मध्ये ‘क्यू’ असलेले रूप निवडले, कारण त्यामुळे संदिग्धता राहत नाही आणि ते ‘एक्सचेकर’शी जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटिश रिवाजातून ते रूप आपल्या बँकांत आले. अमेरिकेत अजूनही साधे ‘सीके’चे रूप चालते आणि उपाहारगृहातले बिलही त्याच नावाने मागतात. धनादेश वटला किंवा परत आला, असे आपण मराठीत म्हणतो. त्यातला ‘वटणे’ हा शब्द हुंडीच्या व्यवहारातला आहे आणि तो टिकला याचा मला मनापासून आनंद वाटतो.

बँकेतला चेक हा अरबी ‘सक्क’ किंवा फारसी ‘चक’ या शब्दापासून आला, असेही अनेकदा वाचायला मिळते. हे शब्द खरे आहेत. त्यांचा अर्थ लेखी दस्त किंवा रक्कम देण्याची लेखी हमी असा होता आणि अशा कागदांवर मध्ययुगात मोठे व्यवहार चालत. तरीही इंग्रजी शब्दाचा टप्प्याटप्प्याने मिळणारा लेखी पुरावा स्थळप्रतीकडे बोट दाखवतो आणि प्रमाण इंग्रजी कोश तीच व्युत्पत्ती देतात. अर्थ आणि उच्चार जुळतो एवढ्यावरून नाते जोडणे मला धोक्याचे वाटते.

उच्चार जुळूनही नाते नसल्याचे उदाहरण प्रश्नातच आहे. चेक प्रजासत्ताकाच्या नावातला ‘चेक’ हा त्या स्लाव लोकांच्या स्वतःच्या भाषेतल्या ‘चेख’ या नावावरून आला असून त्याचा शाहाशी, शहाशी किंवा बँकेशी काहीही संबंध नाही. इंग्रजीत त्याचे वर्णलेखन पोलिश वळणाने होते, त्यामुळे तिथे दोन्ही शब्द लिहिताना वेगळे दिसतात. देवनागरीत ते अक्षरशः एक होतात, आणि तो भेद संदर्भावरूनच ओळखावा लागतो.