बाहेरचा प्रीअँप घ्यावा का, आणि घेतला तर जोडायचा कुठे

प्रश्न खानापूरहून आला आहे. घरी दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी), शुअर एसएम ५८ माइक. पेटी आणि अभंग रेकॉर्ड करतात. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की मागे 'सूऽऽ' येतं. म्हणून बाहेरचा प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) घ्यावा का, आणि तो एक्सएलआरमध्येच (माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटात) लावायचा का?

एक्सएलआरमध्ये अजिबात लावू नका. त्या वाटेने सिग्नल इंटरफेसच्या स्वतःच्या माइक प्रीअँपमधून जातो, म्हणजे नवा प्रीअँप जुन्याच्या डोक्यावर बसतो. एसएम ५८ जवळून गायल्यावरही काही मिलिव्होल्टच देतो. प्रीअँपमधून बाहेर पडणारी +४ डीबीयू लाइन लेव्हल १.२३ व्होल्टची असते, म्हणजे माइकसाठीच्या इनपुटला ती फारच जास्त. शिवाय ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) चुकून चालू राहिला तर तो थेट प्रीअँपच्या आउटपुटवर जातो.

कॉम्बो जॅकच्या (एक्सएलआर आणि पाव इंची, दोन्ही प्लग घेणाऱ्या सॉकेटच्या) मधल्या पाव इंची सॉकेटमध्ये टीआरएस (तीन संपर्कांची, बॅलन्स्ड) केबल लावा, स्विच 'लाइन'वर ठेवा ('इन्स्ट'वर, म्हणजे गिटारसारख्या वाद्यासाठीच्या खुणेवर, नको) आणि इंटरफेसचा गेन अगदी खाली आणा. मात्र बऱ्याच छोट्या इंटरफेसमध्ये पुढचं लाइन इनपुटसुद्धा सिग्नल आधी दाबून त्याच गेन सर्किटमधूनच नेतं. स्कार्लेट ४आय४ सारख्या यंत्राच्या मागे ३ आणि ४ नंबरची निव्वळ लाइन इनपुटं असतात, तिथे हा अडथळा नाही. रेकॉर्डिंग २४ बिटवर असेल तर मीटरवर सरासरी -१८ डीबीएफएसच्या (शून्य म्हणजे कमाल) आसपास ठेवा, लाल दिव्यापर्यंत नेण्याची गरजच नाही.

आता मूळ दुखणं, ते 'सूऽऽ'. १५० ओहमच्या माइकचा स्वतःचा उष्णताजन्य आवाजच सुमारे -१३१ डीबीयू असतो (आकडा जितका खाली तितकी शांतता), आणि तो कुठलाही प्रीअँप पुसू शकत नाही. आजच्या साध्या इंटरफेसचा आवाजसुद्धा -१२७, -१२८ पर्यंत खाली पोचलाय. म्हणजे लाखभर रुपये घातले तरी मिळणार फार तर तीन-चार डेसिबल. उलट माइक दोन फुटांवरून एका फुटावर आणला की सहा डेसिबल पदरात पडतात, सहा इंचांवर आणला की बारा. तेही फुकट. पेटीसाठी माइक भात्याच्या बाजूला नको, भात्याची फसफस आणि लाकडाची करकर तिथूनच येते. सूरपट्टीच्या वर थोडा तिरका धरा. आणि तुमच्याकडचा पावसाळा! पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि डोक्यावरचा पंखा महागडा प्रीअँप जास्तच इमानदारीने वाढवून देईल.

गेन खरंच कमी पडतो तो एसएम ७बी सारखा मंद माइक, हळू गळा आणि जुना इंटरफेस एकत्र आले तर. तिथेही पूर्ण प्रीअँपऐवजी क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखी छोटी डबी पुरते. इंटरफेसच्या फँटमवर चालते, पंचवीसेक डेसिबल देते. पण ती फँटम माइकपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे फँटमवर चालणाऱ्या कंडेन्सर माइकला ती चालत नाही.

आवाजाच्या रंगासाठी, म्हणजे प्रीअँपच्या स्वतःच्या पोतासाठी, घेणार असाल तर माझा विरोध नाही. १९७० च्या नीव्ह १०७३ सारख्या ट्रान्सफॉर्मरवाल्या प्रीअँपचा जाडपणा कानाला खरंच ऐकू येतो. फक्त ती आवड आहे, 'सूऽऽ'वरचं औषध नव्हे.

पुढे-मागे अख्खं भजनी मंडळ घ्यायचं असेल, पखवाज, टाळ, पेटी, दोन गळे, तर तिथे बाहेरचा प्रीअँप खरा कामाला येतो, कारण गरज चॅनेलची असते. एडॅट इनपुट (एका ऑप्टिकल केबलमधून अनेक चॅनेल घेणारं डिजिटल इनपुट) असलेला इंटरफेस घेतलात तर बेहरिंगर एडीए८२०० सारखं आठ माइकचं यंत्र एकाच ऑप्टिकल केबलने जोडता येतं. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर आठही चॅनेल मिळतात. एडीए८२०० स्वतःच्या क्लॉकवर (दोन्ही यंत्रांची चाल एकसारखी ठेवणाऱ्या ठेक्यावर) ठेवा आणि इंटरफेसला क्लॉक ऑप्टिकलवरून घ्यायला सांगा, नाहीतर रेकॉर्डिंगभर टक्‌टक् ऐकू येईल.

नवं यंत्र जोडल्यावर घुमणारा हम्म आला तर लॅपटॉप, इंटरफेस, प्रीअँप एकाच बोर्डावर लावा. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. जुन्या घरात अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्या.

विकत घेण्याआधी बेळगावात ओळखीच्या साऊंडवाल्याकडून एक प्रीअँप दिवसभरासाठी मागून आणा. पंखा बंद, माइक सहा इंचांवर, तोच अभंग दोन्ही वाटांनी घ्या, आवाज समान करून ऐका. तरीही 'सूऽऽ' उरलं तर इंटरफेसचं मॉडेल आणि गेन कुठवर फिरवला ते इथे लिहा, पुढचं बघू.