रिकॉल निघाला अन् आपल्यालाच कळलं नाही, असं काहून होते

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१९ ची गाडी, एमएच ४९ पासिंग, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली, आणि आता मिसेसच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की या मॉडेलच्या ब्रेकच्या कुठल्याशा पार्टचा रिकॉल निघाला होता, म्हणजे खराब पार्ट फुकटात दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्या होत्या. तुम्हाला ना फोन, ना मेसेज, ना पत्र. शोरूमला गेले तर तो म्हणतो सर तुमचं नाव आमच्या सिस्टिममध्ये नाहीच. आता चूक कोणाची आणि करायचं काय, असं विचारलं तुम्ही.

चूक कोणाची ते नंतर पाहू. आधी मी कोण ते सांगतो म्हणजे पुढचं पटेल. मी अकरा वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपला सर्व्हिस अॅडव्हायझर होतो (कोणतं ते नाही सांगत, सोबतची पोरं अजून तिथंच नोकरी करून राहिली), आता स्वतःच्या सहा गाड्या आहेत, पेंच-ताडोबाच्या ट्रिपा आणि एअरपोर्टचं काम. म्हणजे रिकॉलचे फोन लावणाऱ्याच्या बाजूनं पण बसलो आणि फोन न उचलणाऱ्याच्या बाजूनं पण.

पहिली गोष्ट, रिकॉल मॉडेलचा नसतो, चेसिस नंबरांचा असतो, म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर. एखाद्या सप्लायरचा एक लॉट खराब निघाला, तो लॉट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत लाइनवर लागला, तेवढ्या गाड्यांची यादी कंपनी काढते. २०२३ च्या जानेवारीत मारुतीनं एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या होत्या, त्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ एवढ्या महिना-सव्वा महिन्यात बनलेल्या, आणि कंपनीनं सांगितलं होतं की पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. म्हणून शेजाऱ्याची सेम मॉडेल सेम कलरची गाडी यादीत असू शकते आणि तुमची नसू शकते, उलटंही होते. मिसेसच्या ऑफिसातल्यांचं ऐकून घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही.

आता ती यादी डीलरकडे आली की काय होते ते पाहा. आमच्याकडे कंपनीची एक्सेल शीट यायची, चेसिस नंबर, नाव, मोबाइल, आणि शेवटी रिमार्कचा कॉलम. सीआरएमला, म्हणजे कस्टमरला फोन लावायच्या डेस्कला बसणारी पोरगी सकाळी दहापासून नुसती फोन लावायची. पहिला नंबर स्विच ऑफ. दुसरा उचलला तर, "मॅडम ते गाडी कव्हाच विकली मी." कोणाला विकली सर? "आता ते एजंटले माहीत." एकदा तर तिनं नंबर लावला आणि रिंग आमच्याच हॉलमध्ये वाजली, पाहतो तर सेल्सच्या पोराचा फोन टेबलावर थरथर करून राहिला. त्यानं गाडी विकताना कस्टमरच्या जागी स्वतःचा दुसरा नंबर टाकून ठेवला होता, कारण कंपनीचा फीडबॅक कॉल कस्टमरला गेला आणि त्यानं दहापैकी सात मार्क दिले की याचा इन्सेंटिव्ह गेला. हसलो सगळे तेव्हा. पण ती गाडी ज्याच्या घरी होती त्याला काय कळलं असन? तिनं रिमार्कमध्ये "नॉट रीचेबल" लिहिलं आणि खालचा नंबर लावला.

आरटीओचंही तेच आहे. ट्रान्सफरच्या वेळी कितीतरी एजंट स्वतःचाच मोबाइल टाकतात, ओटीपी त्यांच्याकडे येते, काम पटकन होते. नागपुरात गिरीपेठच्या आरटीओला जा की ईस्टच्या, किस्सा सारखाच. तुमच्या आरसीवर नाव तुमचं, पण त्याच्यामागचा मोबाइल कोणाचा हे कधी पाहिलं का? नसेल तर आजच पाहा, परिवहनच्या साइटवर मोबाइल नंबर अपडेट करता येते.

आणि फोन-मेसेज आला तरी त्यात रिकॉल हा शब्द सापडेलच असं नाही. "सर्व्हिस कॅम्पेन", "प्रॉडक्ट अपडेट", "फ्री इन्स्पेक्शन" असली गोड नावं असतात. मान्सून चेकअप कॅम्पचा मेसेज आणि जिवावर बेतणाऱ्या पार्टचा मेसेज दिसायला सारखाच, वर तेच "डिअर कस्टमर". माझं मत विचाराल तर कंपन्यांचा सगळ्यात मोठा दोष हा आहे, खराब पार्ट निघण्यापेक्षाही मोठा. पार्ट कोणाचाही खराब निघते. पण गाडी थांबवा म्हणून सांगायचं तर तसं सांगा न बापा, त्याला गिफ्ट रॅपिंग काहून करता?

मी स्वतः यात आपटलो आहे म्हणून बोलतो. माझ्या एका गाडीचा ड्रायव्हर महिनाभर सांगून राहिला होता, "भाऊ, गाडी मधातच झटका मारून राहिली, पंपाचं काही असन." मी म्हटलं डिझेल खराब मिळालं असेल, पंप बदलून पाहा, म्हणजे डिझेल भरायचा पंप, गाडीतला नाही. त्यानं बदलला. मग एका सकाळी ताडोब्याची फॅमिली घेऊन जात होता, जाम गावाच्या अलीकडे उजव्या लेनमध्ये गाडी बंद. मागून ट्रक. पोरगं हुशार, हॅझर्ड लावले, ब्रेक उगाच पंप केला नाही, एकाच दाबात धरून डावीकडे शोल्डरला घेतली. (हे लक्षात ठेवा, इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरते, पुढे पेडल दगडासारखं होते. आणि चावी पूर्ण मागं फिरवायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊन जाईन.) संध्याकाळी मी फोनमध्ये शोधलं तर पाच आठवड्यांपूर्वीचा मेसेज, क्रेडिट कार्डच्या ऑफर आणि विजेच्या बिलाच्या मधात, "फ्युएल सिस्टिम अपडेट, कृपया जवळच्या वर्कशॉपला भेट द्या". तो मेसेज आला माझ्याकडे आणि जीव गेला असता त्याचा आणि मागच्या सीटवरच्या दोन लेकरांचा. त्यानं मला एवढंच म्हटलं, "मी तुमाले म्हटलं होतं ना भाऊ." मला त्याच्याकडे पाहवलं नाही दोन दिवस.

तेव्हापासून माझ्याकडे सिस्टिम बदलली. सहाही गाड्यांचे चेसिस नंबर एका वहीत, दर तीन महिन्यांनी मी बसून एकेक चेक करतो, आणि काही निघालं की ड्रायव्हरला व्हॉइस मेसेज टाकतो. लिहिलेलं फॉरवर्ड कोणी वाचत नाही, आवाज ऐकतात. उलटही लावून दिलं, गाडीनं काही वेगळं केलं की त्यानं त्याच दिवशी आवाज पाठवायचा. तुमच्याकडे पगारी ड्रायव्हर नसेल, पण गाडी मिसेस चालवत असतील, पोरगं कॉलेजला नेत असेल. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याला माहीत पाहिजे. लेकराच्या स्कूल व्हॅनवाल्यालाही एकदा विचारून पाहा, रिकॉल चेक केला का काका म्हणून, तो तुमच्याकडे कसा पाहते ते पाहा.

सगळ्याच खराबीत गाडी झटके देऊन सांगत नाही हे पण समजून घ्या. टाकाटा एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, जपानची कंपनी, तिच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत, अमोनियम नायट्रेट होतं, ते वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना डबीच फुटून लोखंडाचे तुकडे अंगावर. कंपनीनं २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर बदलले. त्यातच होंडानं २०१८ च्या जानेवारीत आपल्या इकडच्या २०१३ सालच्या अकॉर्ड, सिटी आणि जॅझ मिळून २२,८३४ गाड्या बोलावल्या. पाच वर्षं झालेली गाडी, तोवर कितीजणांनी विकून टाकली असेल! आणि एअरबॅग काही आवाज करत नाही, दिवा लागत नाही, फुटेपर्यंत सगळं मस्त असते. गाडी छान चालून राहिली म्हणजे सगळं छान आहे, हे डोक्यातून काढा.

आणखी एक उदाहरण देतो, आपल्या नागपूरला लागू पडणारं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मारुतीनं सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस, एक्सएल६ या पेट्रोल गाड्या मिळून १,८१,७५४ बोलावल्या, मोटर जनरेटर युनिट हा इलेक्ट्रिकल पार्ट तपासायला. सोबत सूचना होती की तपासणी होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि इलेक्ट्रिकल पार्टवर थेट पाणी मारू नका. म्हणजे रिकॉलच्या मेसेजमध्ये नुसतं "या" नसते, तोपर्यंत काय टाळायचं तेही असते. ज्याला मेसेजच पोचला नाही तो वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरनं पाणी मारून घेईल, त्याला काय माहीत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी वस्तीत घुसलं तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं गाड्यांचं काय झालं ते. त्या दिवसाचा रिकॉलशी संबंध नाही म्हणा, पण असली एखादी सूचना आपल्या शहरात कोणाच्या किती कामाची आहे हे तेव्हा समजलं मला.

टू-व्हीलरवाल्यांचं तर याहून अवघड. २०२१ च्या मे मध्ये रॉयल एनफिल्डनं इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या बोलावल्या होत्या. आता फ्री सर्व्हिसिंग संपली की बुलेटवाला गल्लीतल्या मिस्त्रीकडे जाते, आणि मिस्त्री कितीही हुशार असला तरी कंपनीची यादी त्याच्याकडे नसते.

कायद्याचं थोडक्यात. आधी २०१२ पासून सियामचा, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा, स्वेच्छेचा कोड होता. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११० ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी, ठरलेल्या संख्येत तक्रारी आल्या तर सरकार तपासणी लावून सक्तीचा रिकॉल करू शकते, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीनं दुरुस्ती करायची, नाहीतर गाडी बदलून द्यायची, नाहीतर पैसे परत. कंपनीला स्वतःलाच दोष सापडला तर तिनं सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचा, मग तो दंड लागत नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालकालाही खराबीची तक्रार नोंदवता येते, ती जरूर करा, कारण तक्रारींची संख्या मोजली जाते, वर्कशॉपमध्ये काउंटरवर केलेलं भांडण मोजलं जात नाही. अमेरिकेत रिकॉल निघाला की कंपनीला ६० दिवसांच्या आत मालकाला डाकेनं पत्र पाठवावं लागते, आणि पत्ता सरकारी रजिस्ट्रेशनवरून घेतात, शोरूमच्या सेल्समनवर सोडत नाही. तिथंही सगळं गोड नाही, जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण २०१४ मध्ये बाहेर आलं, १२४ मृत्यू त्याला जोडले गेले, आणि कंपनीतल्या लोकांना आधी कित्येक वर्षं माहीत होतं. पण पत्राची पद्धत मला आवडते.

आता तुमचं काम. आरसी काढा, त्यावर चेसिस नंबर पाहा, १७ अक्षरांचा असतो. अॅपमध्ये अर्धा झाकलेला दिसला तर कार्डवरून किंवा गाडीवरून घ्या, कुठे कोरला आहे ते मॅन्युअलमध्ये आहे. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, म्हणजे गोल दिसलं की तो शून्यच. निम्मे लोक इथंच चुकतात, "रेकॉर्ड नाही" आलं की गाडी साफ आहे समजून घरी जातात. कंपनीच्या साइटवर तो नंबर टाका, नाही जमलं तर कस्टमर केअरला फोन लावा आणि हेच शब्द वापरा, "या चेसिसवर ओपन कॅम्पेन पेंडिंग आहे का". रिकॉल आहे का विचाराल तर नाही सर म्हणून मोकळे होतील. त्याच फोनवर सांगा की मालक बदलला, माझं नाव आणि नंबर टाका. हे एवढं केलं असतं दोन वर्षांपूर्वी तर आज हा प्रश्न पडला नसता, तुमच्या हिश्श्याची चूक एवढीच. बाकी आधीचा मालक, एजंट आणि शोरूम यांनी वाटून घ्यावी.

पेंडिंग निघालं तर पैसे लागत नाहीत, ना पार्टचे ना मजुरीचे, वॉरंटी संपली असली तरी नाही, दुसऱ्या मालकाला पण नाही. "सोबत सर्व्हिसिंग करून घ्या" म्हणतील, तुमची मर्जी. जुना पार्ट मागू नका, तो कंपनीला परत जाते. जॉब कार्डवर कॅम्पेनचं नाव लिहून घ्या आणि ती प्रत गाडीच्या कागदात ठेवा, पुढं विकताना कामी येते. ब्रेकचं आहे म्हणून तोपर्यंत गाडी चालवायची का हे फोनवरच स्पष्ट विचारा, त्यांनी नाही म्हटलं तर टोइंग कोण करून देणार तेही विचारा. आणि हो, चेसिस नंबर कोणी मदतीच्या नावानं मागितला तरी उघड्यावर टाकू नका, फोटो तर नाहीच.

जायच्या आधी पार्ट स्टॉकला आहे का विचारून घ्या, नाहीतर चक्कर वाया. शनिवारी जाऊ नका, मंगळवारी-बुधवारी साडेनऊला गेट उघडताच पोचा, दुपारपर्यंत गाडी हातात मिळेन.