वेग भरपूर, तरी संवाद अडखळतो

प्रश्न : आमच्या घरच्या इंटरनेट जोडणीचा वेग १०० एमबीपीएस आहे आणि चित्रपट विनाअडथळा दिसतो. व्हिडिओ कॉलवर मात्र आवाज तुटतो, आणि घरात कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की समोरच्याचे बोलणे आणि आमचे बोलणे एकमेकांवर आदळू लागते. चित्रपटासारखा कॉलही आधी साठवून का ऐकवत नाहीत? जास्त वेगाची योजना घ्यावी का?

उत्तर : योजना तूर्त बदलू नये, कारण अडचण बहुधा वेगाची नसून विलंबाची आहे. चित्रपट आधीच तयार असतो, त्यामुळे त्याचा पुढचा भाग आगाऊ उतरवून ठेवता येतो आणि वाटेत काही पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) रखडली तरी प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही. संभाषणातले पुढचे वाक्य अजून कोणी उच्चारलेलेच नसते. तिथे साठवण वाढवणे म्हणजे ऐकवणे लांबवणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार, बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात.

तरीही थोडी साठवण करावीच लागते. आवाजाचे साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून ते समान अंतराने पाठवले जातात, पण पोहोचताना काही घोळक्याने येतात, तर काही मागे राहतात. हा चढउतार म्हणजे जिटर, आणि तो झाकणारी साठवण म्हणजे जिटर बफर. तो लहान ठेवला तर उशिरा आलेली पॅकेटे वाया जाऊन आवाज तुटतो आणि मोठा ठेवला तर आवाज स्वच्छ येतो, पण उशिरा. म्हणून चांगल्या प्रणाली कॉल चालू असतानाच बफरचा आकार बदलतात. समोरची व्यक्ती मध्येच भरभर बोलल्यासारखी वाटते, ती बहुधा साचलेला आवाज आवळून ऐकवला जात असल्यामुळे.

तुमच्या तक्रारीचे मूळ मात्र, माझ्या मते, अपलोडच्या रांगेत आहे. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल आणि मोडेमने १ मेगाबाइट पॅकेटे रांगेत साचू दिली, तर फाइलच्या मागे उभ्या राहिलेल्या तुमच्या आवाजाला सुमारे १.६ सेकंद थांबावे लागते. पॅकेट टाकून देण्यापेक्षा साठवलेले बरे, या समजुतीतून उपकरणांत अवाढव्य बफर आले. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ ताटकळले हे पाहते आणि ते ताटकळणे ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिले तर पॅकेटे टाकून देऊ लागते; ती हरवल्याचे कळले की फाइल पाठवणारा संगणक आपला वेग आवरतो.

आधी जोडणी मोकळी असताना आणि नंतर अपलोड चालू असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजावे. दुसऱ्या वेळी आकडा अनेक पटींनी वाढला, तर राउटरमधील एसक्यूएम ही, कोडेलसारख्या पद्धतीने रांग आवरणारी सोय सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी कमी ठेवावी, जेणेकरून रांग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहील. मोकळ्या जोडणीवरही आकडा सतत वरखाली होत असेल, तर संशय वायफायवर घ्यावा आणि केबल जोडून पाहावी. दूर देशीच्या कॉलमधला काही विलंब मात्र कोणत्याही उपायाने जाणार नाही, कारण काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि १०,००० किलोमीटरच्या एकेरी वाटेलाच ५० मिलिसेकंद लागतात.