तिसरा अंक झोपेत पाठ होतो

जत्रेच्या नाटकात पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, तालमीनंतर रात्री दोन-अडीचपर्यंत नक्कल, म्हणजे आपल्या संवादांची वही, घेऊन बसता, तरी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या अंकातली वाक्यं गळतात, असं तुम्ही लिहिलंय. आणखी जागू का, हा तुमचा प्रश्न. फोंड्याकडच्या गावांत वीस वर्षं मी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत पुस्तक धरून उभा राहतो आहे, म्हणून कळकळीनं सांगतो: जागू नका.

दिवसा केलेलं पाठांतर आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या लहानशा भागाच्या आधारावर टिकतं. तो ठसा कच्चा असतो, आणि गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करतो. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी हे उंदरांत पाहिलं. जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. म्हणजे तालीमच ती!

गाढ झोपेत मेंदूत सेकंदाला साधारण एक, अशा संथ लहरी उठतात. त्यांच्यावर स्पिंडल नावाचे, सेकंदाला १२ ते १५ आवर्तनांचे छोटे झटके येतात आणि हिप्पोकॅम्पसमधून त्याहून कितीतरी वेगवान तरंग सुटतात. गायक, पेटी आणि तबला समेवर यावेत तसे हे तिन्ही जुळले, की आठवण मेंदूच्या बाहेरच्या थरात रुजायला मदत होते, असं संशोधक मानतात.

२००७ सालचा जर्मनीतला प्रयोग मला फार आवडतो. पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत हे लक्षात ठेवताना लोकांना गुलाबाचा वास दिला. तोच वास गाढ झोपेत पुन्हा दिल्यावर सकाळी त्यांना जास्त जागा आठवल्या. शिकताना वास नव्हता, तेव्हा झोपेतल्या वासाचा उपयोग झाला नाही. त्यामुळे नुसता उशाशी मोगरा ठेवून भागणार नाही, वाक्यं आधी वाचावीच लागतील.

तर घरी आल्यावर तिसरा अंक दोनदा वाचा, पुस्तक मिटून एकदा बिनआधार म्हणा आणि लगेच झोपा. सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी पुन्हा म्हणा. जिथं अडाल तिथं पेन्सिलीनं खूण करा, त्या रात्री तेवढंच वाचा. प्रयोगाच्या दिवशी नाटक पालखीनंतरच उभं राहणार, पहाट होणार. त्या दुपारी नक्कल प्रॉम्प्टरच्या हातात द्या आणि दार लावून तासभर झोपा.