'शीतक' आणि 'शीतयंत्र'

इंदूरच्या एका विज्ञानशिक्षिकांनी विचारले आहे की, वेब अवकाश दुर्बिणीवरील क्रायोकूलरला, म्हणजे उपकरण अत्यंत थंड ठेवणाऱ्या यंत्राला, मराठीत 'निम्नतापिकी शीतक' म्हणता येईल काय. येथील मराठी घरांतील अनेकांनी विज्ञान हिंदी पाठ्यपुस्तकांतून शिकलेले असल्यामुळे हा शब्द सुचणे स्वाभाविक आहे; तरी माझ्या मते तो येथे वापरू नये.

'शीतक' म्हणजे उष्णता वाहून नेणारा पदार्थ. मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी हा शीतक आहे, रेडिएटर नव्हे. अवकाश दुर्बिणींविषयी लिहिताना हा भेद सांभाळावाच लागतो. अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपणारे उपकरण स्वतः उबदार असेल, तर त्याच्याच उष्णतेचे प्रारण दूरच्या ताऱ्यांचा क्षीण प्रकाश झाकून टाकते. म्हणून हर्शेल दुर्बिणीने २००९ साली दोन हजार लिटरांहून अधिक द्रवरूप हेलियम सोबत नेला. तो बाष्परूपाने हळूहळू अवकाशात निघून गेला आणि एप्रिल २०१३ मध्ये संपताच निरीक्षणे थांबली. 'हर्शेलचा शीतक संपला' हे वाक्य त्यामुळे अगदी अचूक आहे. वेबच्या मध्य-अवरक्त उपकरणाविषयी मात्र तसे लिहिता येणार नाही, कारण तेथे हेलियम बंद नळ्यांतून पुन्हा पुन्हा फिरतो: स्पंदनलिकांच्या, म्हणजे वायूच्या दाबाच्या स्पंदनांनी उष्णता काढून घेणाऱ्या नळ्यांच्या, साहाय्याने तो आधी सुमारे १८ केल्विनपर्यंत थंड केला जातो, मग अरुंद वाटेतून प्रसरण पावताना जूल-टॉमसन परिणामामुळे आणखी थंड होतो आणि उपकरणाला ७ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६६ अंश सेल्सिअसहूनही खाली ठेवतो. येथे शीतक हेलियमच. त्याला फिरवणारे ते शीतयंत्र.

विशेषणाबाबतही थोडे सांगायला हवे. 'निम्नतापिकी' हे शास्त्राचे नाव आहे, विशेषण 'निम्नतापी'. 'अतिशीत' टाळावे, कारण द्रव गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठण्याला 'अतिशीतन' म्हणतात. 'क्रायोजेनिक यंत्र' असे लिहिले, तर वाचकाला जीएसएलव्ही या इस्रोच्या रॉकेटचे इंजिन आठवेल, आणि तेथे थंड असतात ती द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन ही प्रणोदके, म्हणजे रॉकेटला रेटा देणारी द्रव्ये. ते इंजिन काही थंड करण्यासाठी नसते. म्हणून मी 'निम्नतापी शीतयंत्र' असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखात 'क्रायोकूलर' जोडीन.

वेबची बाकीची उपकरणे पाचपदरी सूर्यकवचाच्या सावलीत, आपली उष्णता अवकाशात सोडून, सुमारे ४० केल्विनपर्यंत थंड राहतात. तेथे असे यंत्र नाही आणि संपणारा शीतकही नाही. त्या व्यवस्थेला 'निष्क्रिय शीतन' म्हणावे.