गरोदर मुलीला भामरागड तालुक्यात नोकरीसाठी पाठवावं का? तिथे दवाखाना आहे का?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय. मुलीला भामरागड तालुक्यातल्या आश्रमशाळेत नोकरी लागली आहे, जूनअखेर रुजू व्हायचंय, आणि आत्ता मार्चअखेर तिला साडेचार महिने झालेत.

भाऊ, दवाखाना आहे. मी आरोग्य सेविका होते, सगळी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली आणि भामरागड याच दोन तालुक्यांत गेली, आता निवृत्त होऊन अहेरीला राहते. पण तुमचा प्रश्न वाचताना माझं लक्ष दवाखान्याच्या आधी तारखेकडे गेलं. आत्ता साडेचार महिने म्हणजे दिवस भरणार ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ऑगस्टात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड-आलापल्ली रस्ता बंद पडतो. कधी एक दिवस, कधी चार. भामरागडच्या बाजारपेठेतही पाणी शिरतं. आतल्या गावांचं तर विचारूच नका. लाहेरीच्या पुढे बिनागुंड्याकडे जाताना गुंडेनूरचा नाला लागतो, पावसाळ्यात तो ओलांडणं म्हणजे जीव मुठीत धरणं. आमच्याकडे बाई बाळंतपणाला निघाली की पहिली चौकशी हीच, मध्ये नाले किती?

कागदावर सोय कमी वाटणार नाही. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा नियम आहे. पण गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेत लोक पावणेअकरा लाखांच्या आत. भामरागडकडे तर वस्ती आणखी विरळ. ३,००० माणसं जमवायची तर जंगलातले कितीतरी पाडे एका उपकेंद्राला जोडावे लागतात, आणि त्या सगळ्यांना नर्सबाई एक किंवा दोन.

एक रात्र सांगते, कारण तीच तुमच्या मुलीच्या कामाची आहे. ऑगस्टच होता. नाल्यापलीकडच्या गावातून निरोप आला की बाईला सकाळपासून कळा आहेत. मी निघाले तोवर घरच्यांनी तिला खाटेवर घालून, खाटेला दोर बांधून चौघांनी खांद्यावर घेतलं होतं. पाणी छातीला लागत होतं म्हणून ते अलीकडे येऊ शकेनात आणि मला पलीकडे जाता येईना. दीड तास आम्ही दोन काठांवर उभे होतो. गाडी मागवली, तर एका केंद्रावरून उत्तर मिळालं की गाडी आहे, चालक रजेवर आहे. पाणी थोडं उतरल्यावर त्यांनी खाट डोक्यावर धरून आणली. बाळ त्याच काठावर, माझ्या टॉर्चच्या उजेडात झालं आणि रडलं. वार मात्र पडेना आणि रक्त थांबेना. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले. ती वाचली. रक्त चढवायची सोय होती तिथे पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तिच्या हाताचा गारठा मला अजून आठवतो, आणि त्या चालकाच्या जागी दुसरा का ठेवला नव्हता याचा राग आजही येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं. मुलीला नोकरी घेऊ द्या. या भागात शिकवायला मन लावून येणारं माणूस मिळणं किती अवघड, ते मी पाहिलंय. पण जुलै संपायच्या आत तिने नाले मागे टाकलेले असावेत. रुजू होण्याआधीच प्रसूती रजेचं लेखी विचारून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल, तरी साताऱ्याचा जवळपास हजार किलोमीटरचा प्रवास नवव्या महिन्यात करायचा नाही, डॉक्टरांना विचारून आधीच उरका. नाहीतर गडचिरोलीला खोली घ्या. तिथे जिल्हा रुग्णालय आहे, महिला व बाल रुग्णालय आहे. अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय त्याआधी लागतं, पण तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय त्या महिन्यात आहे का, हे स्वतः जाऊन विचारा. डॉक्टर बदलतात, पाटी तीच राहते.

आमच्या गावांतल्या बायकांसाठी शासनाने ‘माहेरघर’ काढलं ते याचसाठी. दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत येऊन राहायचं, सोबत घरचं एक माणूस. सुरुवातीला कोणी येत नसे. शेतीचा हंगाम, घरी लहान पोरं, कोंबड्या, सगळं टाकून कशी येणार? मी नवऱ्यांशी बोलायची, सासवांशी बोलायची. एका पाड्यातली एक येऊन सुखरूप परतली की पुढच्या वर्षी दोघी येत.

भामरागडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून जवळच हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये तो प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. पूर आला की अडकलेल्यांना या दोनच जागांचा आधार.

शाळेत असेपर्यंत एक गोष्ट तिने कधीच हलक्यात घेऊ नये, ती म्हणजे ताप. हा मलेरियाचा जिल्हा आहे. गरोदरपणात मलेरिया झाला तर रक्त झपाट्याने कमी होतं, बाळाचं वजन घटतं, पोटातलं बाळही जाऊ शकतं. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे जायचं. बोट टोचून किटवर तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. मनाने गोळी घ्यायची नाही, मलेरियाची काही औषधं गरोदर बाईला चालत नाहीत. मच्छरदाणीत रोज झोपायचं, उकडलं तरी.

आणि आशाताईला ‘फक्त आशा’ समजू नका. नवजात बाळाला घरी जाऊन तपासणं, वजन घेणं, घड्याळ लावून श्वास मोजणं हे काम आज देशभरच्या आशा करतात, ते याच जिल्ह्यात सिद्ध झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना ते शिकवलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाळ घेऊन मुलगी परत येईल तेव्हा आशाताईला घरात बोलवा, आणि ती सांगेल ते ऐका.

माता-बाल संरक्षण कार्ड साताऱ्यात काढलं असेल तर तेच सोबत द्या. हिमोग्लोबिन आणि रक्तगट त्यावर लिहिलेला हवा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर तिला माहीत असतीलच, पण रेंज सगळीकडे नसते. त्यामुळे शाळेपासून कुठे उभं राहिलं की फोन लागतो, हे तिने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं.

शाळा नेमकी कोणत्या गावात आहे ते इथेच कळवा. मध्ये कोणते नाले लागतात आणि त्यांच्यावर पूल झालेत का, ते मी तिकडच्या माझ्या ओळखीच्या बायकांना विचारून सांगते.